प्रथिनं 'गोठतात' की 'साकळतात'?

धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करतेय, 'प्रोटीन अ‍ॅग्रिगेशन' (प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होणं) मोजण्याच्या पद्धतींवर तिला मराठीत बोलायचंय. 'प्रथिनं गोठणं' चालेल का?

ताई, 'गोठणं' नको. त्याला गारठा लागतो, आणि गोठतं ते सगळंच. इथे उलट. नागपूरच्या मे महिन्यात फ्रिजबाहेर राहिलेल्या इन्सुलिनमधली प्रथिनं उकाड्यानं, हिंदकळण्यानं एकमेकांना चिकटतात. पाणी पाणीच राहतं. 'थिजणं'ही नको. थिजलेलं तूप ऊन लागलं की पातळ होतं, या गुठळ्या बहुधा सुटत नाहीत. 'एकत्रीकरण' म्हटलं की मला तर १९४७चा जमिनींच्या तुकडेबंदीचा नि एकत्रीकरणाचा कायदाच आठवतो!

माझं मत 'साकळणं'ला. रक्त साकळतं तसं. दुधाचंच घ्या. आपल्याकडे ते 'फाटतं', पुण्याकडे 'नासतं'. पण ही दुधाची बाजू झाली. आंबटपणा वाढून सामू (pH) ४.६ च्या आसपास आला की केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा विद्युतभार उरत नाही आणि ते गोळा होतात. म्हणजे फाटतं दूध, साकळतं केसीन.

आता मोजणं. द्रावण किती गढूळ झालं हे साधारण ३५० नॅनोमीटरचा प्रकाश किती अडतो त्यावरून बघतात. इथे 'गढूळपणा' हा घरचा शब्द पुरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गोळ्यांसाठी विखुरलेल्या प्रकाशाची थरथर मोजतात. लहान कण भराभर हलतात, मोठे सावकाश, त्यावरून आकार काढता येतो.

थायोफ्लेविन-टी या रंगापाशी मात्र शब्द जपून वापरायला सांगा. अमिलॉइडच्या, म्हणजे प्रथिनांच्या शिस्तीत रचलेल्या तंतूंना चिकटला की तो ४८२ नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, वेड्यावाकड्या गुठळ्यांकडे फारसं बघत नाही. तिथे 'तंतू बनणं' म्हणावं. रंग चमकला नाही म्हणून 'साकळलं नाही' म्हणणं चूक. 'अमिलॉइड' या नावाचीच गंमत बघा: १८५४ मध्ये फिर्खो या जर्मन वैद्यानं आयोडीनचा रंग बघून त्या पदार्थाला 'पिष्टासारखं' या अर्थाचं हे नाव दिलं, पुढे ते प्रथिन निघालं, नाव तसंच राहिलं.

शीर्षक 'प्रथिनांचं साकळणं कसं मोजतात' असं ठेवा. 'साकळीकरण' मात्र करू नका हं.