वाचकांचे प्रश्न : ट्रॅकवर जुनी कॉन्टेसा

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या जुन्या गाड्या रेसिंग ट्रॅकवर नेण्याविषयी मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. रंग, क्रोम आणि गाद्यांचे प्रश्न पुढे कधीतरी घेऊ. या वेळी फक्त गाडी पळवण्याचे.

प्रश्न : माझ्याकडे कॉन्टेसा क्लासिक १.८ आहे, इंजिन सुस्थितीत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची आहे. गॅरेजवाले म्हणतात, मोठा कार्बोरेटर लावा, हेड (इंजिनाचे वरचे झाकण) घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवा. आधी काय करावे? (लातूर)

उत्तर : कार्बोरेटर आहे तो राहू द्या, हेडलाही हात लावू नका. पहिला पैसा ब्रेकमध्ये घाला. ताशी १४० वरून थांबताना जी उष्णता तयार होते, ती ७० वरून थांबतानाच्या दुप्पट नव्हे, चौपट असते. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यात एखाद्या वेळी लागतो. ३.७ किलोमीटरच्या या ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा लागतो आणि मधे डिस्क थंड व्हायला उसंत मिळत नाही.

ब्रेक लागेनासा झाला की नेमके काय बिघडले ते पायालाच कळते. पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झाले. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले. पाइपात वाफ झाली की पाय ती वाफच दाबत बसतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, हे याचे मूळ. डबऱ्यावर ‘डॉट’ आकडा असतो, ती ऑइलची प्रत. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत न उकळता टिकते, पाणी मुरल्यावर १४० पर्यंतच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. मात्र नुसते ‘डॉट ५’ लिहिलेला डबा घेऊ नका. ते सिलिकॉनचे असते आणि या ऑइलमध्ये मिसळत नाही.

म्हणून ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात सगळे ऑइल बदला, नवे सीलबंद डब्यातले वापरा. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा ऑइलचा मुख्य पंप) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे असते. पुढचे रबरी ब्रेक पाइप दहा-पंधरा वर्षांचे असतील तर विचार न करता फेका आणि स्टीलची जाळी असलेले घाला. बंपरखालून ६०-७५ मिलिमीटरचा लवचीक पाइप काढून हवा डिस्कच्या मधोमध सोडा. नुसती पॅडवर सोडली तर डिस्कची एकच बाजू थंड होते. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून वेग कमी करा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मग दहा मिनिटे सावकाश फिरवा. ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा. मागच्या ब्रेकचा तापलेला ड्रम आतल्या शूजवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) आवळला जातो आणि तसाच वाकडा थंड होतो.

दुसरे काम रेडिएटरचे. आपल्याकडच्या बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर असतो, किटलीच्या बुडाला बसतो तसाच. घाटात चालून जाणारी गाडी तिसऱ्या फेरीत तापते ती यामुळे. वरची-खालची टाकी उघडून नळ्या साफ करून घ्या, नाहीतर नवा कोअर (नळ्यांचा गाभा) टाका. पुढे फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचे तापमान राखणारी झडप) ‘गरमीचा त्रास नको’ म्हणून कुणी काढून टाकला असेल तर परत बसवा.

प्रश्न : लांब उजव्या वळणात ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि वळण संपले की विझतो. दोन ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवण्याचे दिवस) झाल्यावर आता खालून टकटक येते. ऑइल भरपूर आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ऑइल भरपूर आहे, पण त्या क्षणी ते पंपाच्या जाळीपाशी नाही. वळणात गाडीवर ०.९ जी (म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.९ पट) एवढा आडवा जोर आला की चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलचा पृष्ठभाग जवळजवळ ४२ अंशांनी तिरका होतो. परातीत पाणी घेऊन ती तेवढी कलती धरा, म्हणजे दुसरी बाजू कशी कोरडी पडते ते दिसेल. उजव्या वळणात ऑइल डाव्या भिंतीवर चढते. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त, त्यामुळे हाच त्रास आधी दिसतो.

दिव्याच्या भरवशावर राहू नका. त्याचा स्विच ऑइलचा दाब पाच-सात पीएसआयवर (टायरची हवा मोजतात तेच एकक) उतरेपर्यंत जागा होत नाही, तोवर बेअरिंग घासलेले असते. काट्याचे मीटर लावा. गरम इंजिनात दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय असावा, हा जुना ठोकताळा चांगला आहे.

टकटक सुरू झाली म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असे समजा आणि इंजिन पुन्हा चालू करू नका. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) काढून पाहा. करड्या थराखालचे तांबे दिसत असेल तर शेल बाद. क्रँक (रॉड ज्यावर फिरतात तो दांडा) मायक्रोमीटरने मोजा. ओरखडा नखाला लागत असेल तर दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश) अंडरसाइज ग्राइंड करून त्या मापाचे शेल घाला. ५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. वाळूज-चिकलठाण्यात चांगली क्रँक ग्राइंडिंग होते, पण ‘थोडे सैल असू दे’ म्हणणाऱ्याला माप लिहून द्या.

आता कारणावर इलाज. चेंबर उतरवा आणि जाळीभोवती १.६ मिलिमीटर पत्र्याची चौकट वेल्ड करा. तिच्या चारी भिंतींना फक्त आत उघडणाऱ्या झडपा बसवा, म्हणजे ऑइल आत येईल पण बाहेर पळणार नाही. वरून आडवा पत्रा टाका. क्रँक हाताने पूर्ण फिरवून तो कुठे लागत नाही ना ते पाहा. जाळी आणि तळ यांत ८-१० मिलिमीटर अंतर हवे. ते मोजायची सोपी युक्ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कणकेचा गोळा जाळीखाली ठेवायचा, गॅस्केटसह चेंबर चढवून चार बोल्ट आवळायचे, मग उतरवून दबलेल्या कणकेची जाडी मोजायची. पेट्रोलचेही तसेच आहे. टाकी निम्म्याखाली गेली की वळणात इंजिन गुदमरते, आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात.

प्रश्न : अमेरिकन मस्टँगसारखी जड नाकाची गाडी वळणांच्या ट्रॅकवर कशी चालत असे? (नांदेड)

उत्तर : मस्टँग १९६४ मध्ये आली, १९६५ मध्ये शेल्बीची जीटी ३५० (मस्टँगचीच रेसिंगसाठी बदललेली आवृत्ती) आली आणि १९६६ पासून अमेरिकेतल्या ट्रान्स-अॅम शर्यतींच्या मालिकेत पाच लिटरपर्यंतच्या अशा गाड्या वळणांवर भिडू लागल्या. सगळ्यांत गुणकारी बदल तर जवळपास फुकटचा होता. पुढच्या वरच्या आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे) गाडीकडचे दोन बोल्ट एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर खाली घ्यायचे. दोन नवी भोके पाडायची, बस्स. त्यामुळे गाडी झुकली तरी बाहेरच्या चाकाचा माथा आत कलतो आणि टायर रस्त्यावर सपाट टेकतो. एका इंचाहून खाली गेलात तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) अडकू लागतो. मागे पाट्यांवरचा अॅक्सल वळणात आडवा सरकतो, त्यासाठी पॅनहार्ड रॉड (अॅक्सल गाडीला आडवा बांधणारी दांडी) लावत. हे मस्टँगच्या मापाचे आहे. दुसऱ्या गाडीला जशीच्या तशी भोके पाडू नका.

प्रश्न : रोल केजसाठी (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या आतल्या नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी) इथल्या फॅब्रिकेटरकडे पाइप मिळतो. दीड इंची चालेल का? गाडी केजसह रस्त्यावरही चालवायची आहे. (जालना)

उत्तर : जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण खुर्च्या-टेबलांचा शिवणीचा पाइप किंवा नळाचा जीआय पाइप केजला अजिबात नको. आघातात तो शिवणीवर फाटतो. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या) नियमांत मुख्य कमानीला दीड इंची पुरत नाही, तिला ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटरची, सांध्याविना थंड ओढलेली कार्बन स्टीलची नळी लागते. बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ (३८ म्हणजे तुमचा दीड इंच) किंवा ४० × २.० चालते. केजच्या पायाखाली ३ मिलिमीटर जाड, किमान १२० चौरस सेंटिमीटरचा पत्रा हवा, आणि तो गंजलेल्या फ्लोअरवर नव्हे. आधी टोच्या मारून फ्लोअर तपासा. रस्त्यावर मात्र हेल्मेटशिवाय डोके नळीवर आपटले तर केजच घात करतो. शिवाय मूळ रचनेत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले आहे. केजची गाडी ट्रेलरवरच न्या.

प्रश्न : डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) वेल्ड करून लॉक करावे का? (धाराशिव)

उत्तर : नको. वळणात दोन्ही चाके सारखीच फिरतात, गाडी नाकाने सरळ निघते आणि एक दिवस अॅक्सल तुटतो. आतले मागचे चाक उचलले जात असेल तर मागचा अँटी-रोल बार (गाडीचे झुकणे आवरणारी दांडी) सैल करा.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती ठेवावी? सकाळी २८ भरली तरी दुपारी मागचे टायर घसरतात. (परभणी)

उत्तर : परभणीच्या उन्हात हा प्रश्न पडायचाच. पहाटे २० अंशांना भरलेले २८ पीएसआय दुपारी ४० अंशांच्या सावलीत नुसत्या उभ्या गाडीत ३१ होतात, आणि ट्रॅकवर आतली हवा ७५ अंशांवर गेली की ३६. तेच २८ दुपारी भरले असते तर ३३ वर थांबले असते. म्हणून थंड हवेचा आकडा सोडा. चार-पाच फेऱ्या मारून लगेच मोजा आणि चारही चाके हव्या त्या गरम दाबाला आणा, सुरुवातीला ३२-३३. टायरच्या कडेला खडूने तीन रेघा ओढा. खडू नक्षीच्या काठापर्यंतच पुसला गेला तर दाब बरोबर, खाली भिंतीवर उतरला तर हवा कमी. कडेवरचा चार आकडी कोडही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. असा टायर नक्षी भरपूर असली तरी कडक झालेला असतो, आणि तुमची घसरण कदाचित त्याचीच असेल.