फ्रीझरमध्ये काय आहे आणि कधीपासून आहे, याचा हिशेब कसा ठेवावा?

आपला प्रश्न असा आहे की फ्रीझरमध्ये ठेवलेले पदार्थ मागे सरकत जातात, नंतर ओळखू येत नाहीत आणि शेवटी टाकून द्यावे लागतात, तर हा हिशेब ठेवण्यासाठी एखादे चांगले अ‍ॅप आहे का. अ‍ॅप पुष्कळ आहेत, पण माझे स्पष्ट मत असे आहे की या कामासाठी फोनच चुकीचा आहे. फ्रीझर उघडणाऱ्या माणसाचे हात पिठाचे असतात किंवा माशांचे, गॅसवर फोडणी तडतडत असते, आणि अशा वेळी फोनचे कुलूप काढून, अ‍ॅप उघडून ‘कोळंबी, एक पिशवी कमी’ अशी नोंद कोणीही करत नाही. ती नंतर करू म्हणून राहते आणि दोन आठवड्यांत यादी एक सांगते, फ्रीझर दुसरेच सांगतो.

मी महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या औषध भांडारातून निवृत्त झाले, त्यामुळे या विषयावर मला थोडे अधिक बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजते. भांडारात माल आला की नोंद सगळेच करतात, कारण त्या वेळी सोबत बिल असते आणि मोजायला माणूस असतो. हिशेब बिघडतो तो माल बाहेर जाताना. म्हणूनच बिन कार्ड, म्हणजे त्या-त्या मालाची आवक-जावक आणि शिल्लक लिहिण्याचे कार्ड, टेबलाच्या खणात न ठेवता प्रत्यक्ष मांडणीलाच अडकवलेले असते: ज्याने खोका उचलला, त्यानेच तिथल्या तिथे शिल्लक लिहायची. दुसरा नियम असा की ज्याची मुदत आधी संपणार, तो माल आधी बाहेर जाणार, मग तो आलेला केव्हाही असो. लसींच्या फ्रीजचे तापमान तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लिहावे लागते, आणि ‘मला माहीत आहे, ठीकच असणार’ हे उत्तर तिथे चालत नाही. घरात मात्र नेमके हेच उत्तर चालते.

आमचे घर गिरगावात आहे. सासूबाई, आम्ही आणि दीर-जाऊ असा एकत्र कारभार आहे आणि फ्रीज एकच आहे. फ्रीझरमध्ये श्रीखंडाचे डबे एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांतल्या एकातही श्रीखंड नसते. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या रात्री मी मोदकांसाठी नारळ खवून असाच एक डबा भरला आणि त्यावर पदार्थाचे नाव व तारीख लिहिलेली पट्टी लावली. त्याच फ्रीझरमध्ये माझ्या धाकट्या जावेने केव्हातरी ठेवलेला दुसरा डबा होता, ज्यात सुक्या भाज्यांसाठी खोबरे, लसूण आणि जिरे एकत्र जाडसर फिरवून केलेले पांढरे वाटण होते. त्यावर तिने फक्त ‘खोबरं’ असे लिहिले होते. चतुर्थीच्या सकाळी मी पूजेच्या तयारीत होते, सासूबाईंनी सारणासाठी गूळ चिरून कढई चढवली आणि दिरांना खोबरे काढून द्यायला सांगितले. त्यांनी दार उघडले, समोरच जो ‘खोबरं’ लिहिलेला डबा होता तो काढला आणि नळाखाली धरून गोठलेली वडी कढईत उतरवली. गोठलेले वाटण आणि गोठलेले खोबरे यांत डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही, दोन्हींवर सारखाच पांढरा बर्फाचा थर असतो. गूळ पाझरू लागला, वडी सुटली आणि लसणाचा वास थेट देवघरापर्यंत आला. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, कढई बाजूला ठेवली, पूजेसाठी आणलेल्या नारळांपैकी दोन फोडायला लावले आणि स्वतः विळीवर बसून खवायला घेतले. गुरुजी आले तेव्हा उकड काढायची होती आणि आरतीला दुपार कलली.

जावेचे म्हणणे तेव्हापासून आजवर बदललेले नाही: “ताई, डब्यात खोबरंच होतं, मी काही खोटं लिहिलं नव्हतं. काढणाऱ्याने नुसता वास घेतला असता तरी कळलं असतं.” हा युक्तिवाद आमच्या घरी दर गणपतीत होतो, त्यामुळे त्याचे उत्तर मी इथे सविस्तर देते. एक तर गोठलेल्या पदार्थाला वास जवळजवळ येतच नाही, कारण वास देणारी द्रव्ये इतक्या थंडीत हवेत उडत नाहीत; लसूण कळतो तो वितळल्यावर, म्हणजे कढईत पडल्यावर. आणि दुसरे म्हणजे नैवेद्याच्या पदार्थाचा वास घेऊ नये, चव पाहू नये, हे तिलाही माहेरापासून शिकवलेले आहे. म्हणजे ज्या दिवशी हुंगून पाहण्याची सोय नाही, नेमक्या त्याच दिवशी ती हुंगण्यावर विसंबायला सांगते. चिठ्ठी लिहिणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊकच असते, तेव्हा ती लिहायची असते डबा न भरलेल्या माणसासाठी.

म्हणून माझी पद्धत सांगते. पट्टीवर पदार्थाचे नाव, तो कशासाठी आहे, त्यात कांदा-लसूण असल्यास तसा उल्लेख आणि वर्षासकट तारीख, एवढे हवेच. कागदी मास्किंग टेपची पट्टी डबा कोरडा आणि बाहेरच्या तापमानाला असतानाच लावावी. थंड, दमट डब्यावर ती चिकटत नाही आणि मार्कर ओल्या प्लॅस्टिकवर उमटत नाही. पिशवी असेल तर भरण्याआधी लिहावे. मटार, खिमा, वाटण असे पदार्थ पिशवीत पातळ थापून आडवे गोठवले की नंतर फायलींसारखे उभे लावता येतात आणि मागे काही दडत नाही. एका पिशवीत एका वेळेला लागेल तेवढेच भरावे, म्हणजे यादीत वजन न लिहिता नुसत्या पिशव्या मोजता येतात.

यादी मात्र फ्रीजच्या दारावरच हवी. एक कागद, दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल (थंड, ओल्या हातात पेन रुसते), आणि प्रत्येक नावापुढे जितक्या पिशव्या तितक्या उभ्या रेघा. पिशवी काढली की एक रेघ खोडायची. जो काढेल तोच खोडेल, मग ते दीर असोत वा कॉलेजला जाणारा मुलगा. घरातल्या एकाच बाईने सर्वांच्या वतीने हिशेब ठेवायचा ही पद्धत कुठेच टिकत नाही आणि टिकूही नये.

मुंबईत या यादीची खरी गरज पडते ती मेपासून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी ससून डॉकवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून घरोघर मासे भरले जातात. त्यांत आधी बांगडा आणि तारली संपवावी, कारण त्यांच्यातली चरबी गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू खवट होते आणि दोन-तीन महिन्यांनी चव उतरते. कोळंबी त्यापेक्षा अधिक टिकते. म्हणजे कोळंबी आधी आणलेली असली तरी बांगडा आधी तव्यावर गेला पाहिजे. ओले बोंबील ठेवूच नयेत, त्यांच्यात पाणीच इतके असते की वितळल्यावर लगदा होतो. दिव्यांच्या अमावास्येपर्यंत मासे संपवायचेच असतात, तेव्हा तो दिवस साठा मोजणीचा धरावा: सगळे बाहेर काढावे, यादीशी ताडून पाहावे आणि जुना कागद फाडून नवा लावावा. ज्यांचा फ्रीज बर्फ धरणारा आहे, त्यांना बर्फ काढताना हे आपोआप करावे लागते; फ्रॉस्ट-फ्रीवाल्यांना तशी सक्ती नसते, म्हणून त्यांच्याकडेच जास्त जुने डबे सापडतात. शिवाय त्या फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधून चालत असल्याने तापमान थोडे वर-खाली होते आणि सैल बांधलेले पदार्थ कडेने पांढरे, कोरडे पडतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तारीख उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असे नाही; उणे १८ अंशांना जंतू वाढत नाहीत, बिघडते ती चव आणि पोत. पण ते मरतही नाहीत, म्हणून वितळवलेले कच्चे मासे उरले तर पुन्हा गोठवण्याऐवजी शिजवून घ्यावेत. घरात एकटेच असाल आणि फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे व मटारची एक पिशवी एवढेच असेल, तर यातले काहीही करण्याची गरज नाही. आणि जावेने जे अ‍ॅप घेतले आहे त्यात दोघांच्या फोनवर एकच यादी दिसते, तेव्हा बाजारात उभे असताना घरी काय आहे ते पाहायला ते उपयोगी पडते, हे मान्य. मीही त्यासाठी कागदाचा फोटो काढून नेते.

वीज गेल्यावर मात्र ना अ‍ॅप कामाचे ना कागद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, ती काही भागांत दोन-तीन तासांत आली आणि काही उपनगरांत त्याहून बराच वेळ लागला. आपण गावाला गेलेले असताना असे झाले, तर परतल्यावर सगळे पुन्हा दगडासारखे गोठलेले असते आणि मधे काय घडले ते कळत नाही. त्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते तळाशी जाऊन गोठलेले असेल, तर पट्टीवर कोणतीही तारीख असली तरी मासे आणि मटण टाकून द्यावे.