सत्तरी झाली म्हणून घर टॅक्स माफ होतो का?

प्रश्न : मी ७४ वर्षांची आहे, नंदनवनला आमचं छोटं घर आहे. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी टेक्सासला असते, ती म्हणते आई इकडे पासष्टी झाली की घराचा टॅक्स वाढतच नाही, तुमच्याकडे पण काही असेलच, विचार तर खरं. मोहल्ल्यातले म्हणतात सीनियर सिटिझनला अर्धा माफ आहे. वरच्या खोलीतले भाडेकरू गेले, तरी टॅक्स तेवढाच येऊन राहिला अन् यावेळी थकबाकी पण दाखवली. काय करू?
- एक वाचक, नंदनवन, नागपूर

काकू, मुलगी खोटं नाही सांगत, पण अर्धंच सांगून राहिली. टेक्सासमध्ये ६५ च्या वरचा किंवा दिव्यांग घरमालक असला अन् त्याने अर्ज केला की टॅक्समधला शाळांचा जो भाग असतो तो त्या रकमेवर थांबतो, बाकीचा थांबेलच असं नाही, आणि घराला नवीन खोली काढली की तोही वाढतो. तिथे टॅक्स पुढे ढकलायची पण सोय आहे, घरात राहता तोवर मागायला कोणी येत नाही, पण वर्षाला ५ टक्के व्याज चढत जातं आणि शेवटी घरावरूनच वसूल होतं. म्हणजे ती उधारीच झाली.

आपल्याकडे टॅक्स लागतो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे, त्यात मालकाचं वय कुठेच येत नाही. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करतात, उरलं ते करयोग्य मूल्य आणि त्यावर टॅक्स. मालक तीसचा असो की नव्वदचा. मोहल्ल्यातली 'अर्धा माफ'वाली गोष्ट बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असणार. दिल्लीत ६० वर्षांवरच्यांना स्वतः राहत असलेल्या एका घरावर २०० चौरस मीटरपर्यंत ३० टक्के सूट मिळते, मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, तिथे तर वयाचा संबंधच नाही. हे मेसेज फिरत फिरत नागपूरला येतात तोवर गावाचं नाव गळून पडलेलं असतं.

आता तुमचं काम. डिमांड, म्हणजे महापालिकेचं टॅक्सचं बिल, हातात घ्या आणि आधी नाव बघा, यजमानांचंच असेल बहुतेक. कोणतीही सवलत उद्या आली तरी ती डिमांडवरच्या नावाला मिळते, तुम्ही ७४ च्या असून उपयोग नाही. मालक वारल्यावर वर्षभरात वारसाने कळवायचं असा नियम आहे, तुम्हाला उशीर झाला तरी आता करूनच टाका. मृत्यूचा दाखला, घराचे कागद, शेवटची टॅक्स पावती, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि मुलीची नाहरकत. ती अमेरिकेत आहे म्हणून हेच सगळ्यात जास्त रेंगाळेल, ती दिवाळीला येईल तेव्हा पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या, जायच्या आदल्या दिवशी नको.

मग त्याच डिमांडवर भाडेकरूची नोंद बघा. भाडेकरू असला की टॅक्स चढ्या हिशोबाने लागतो आणि तो गेला हे तुम्ही लेखी दिल्याशिवाय तिकडे कोणाला कळत नाही, खोलीला कुलूप लावून रेकॉर्ड बदलत नसतो बाप्पा. महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज द्या, 'आता स्वतःच्या वापरात आहे, पाहणी करून नोंद दुरुस्त करावी', आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. आमच्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतील.

आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत टॅक्स थांबवायचा नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाचे २४ झाले, मुलीच्या टेक्सासचे ५ परवडले. 'हरकत कायम ठेवून' असं लिहून द्या आणि भरा. अपिलात जायचं म्हटलं तरी त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली आधी रक्कम भरावीच लागते. अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना निघते, निघाली तर घ्या, पण तिच्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : यजमानांना पार्किन्सन आहे, धरून धरून चालवावं लागतं. घर त्यांच्याच नावावर आहे. दिव्यांग म्हणून टॅक्समध्ये काही होईल का? कार्ड काढलेलं नाही.
- एक वाचक, त्रिमूर्ती नगर

ताई, पुष्कळ लोकांना माहीतच नाही, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात पार्किन्सन आहे. दिव्यांग कार्डासाठी यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होऊन टक्के ठरतात. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. तपासणीला जाताना न्यूरोच्या डॉक्टरांची सगळी जुनी फाइल न्या. गोळी घेतल्यावर दोन तास माणूस बरा दिसतो आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर बघतात, म्हणून एरवी काय हाल असतात ते तुम्ही स्वतः सांगा, यजमान 'मी ठीक आहे' म्हणतीलच.

टॅक्सची सूट महापालिका आपापल्या ठरावाने देते, पिंपरी-चिंचवडला दिव्यांगांच्या घराला सामान्य करात मिळते. सामान्य कर हा डिमांडमधला एक रकाना झाला, राज्य शिक्षण कर वगैरे वेगळे असतात, म्हणून सूट ऐकून एकूण आकड्याला टक्के लावत बसू नका. झोनला यंदाच्या ठरावाची कॉपीच मागा. आणि कार्डाचा उपयोग टॅक्सपुरताच नाही, यजमानांचं पेन्शन करपात्र असेल आणि जुनी कर पद्धत घेतली असेल तर आयकरात दिव्यांगांसाठीच्या कलमाखाली (१९६१ च्या कायद्यातलं ८०यू) ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्यावर असेल तर सव्वा लाखाची. महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, त्यातून काय मिळतं तेही विचारा.

प्रश्न : मी फौजेतून रिटायर झालो, आता ७० चा आहे. मला लागू होणारं काही?
- एक वाचक, गोधनी रोड

काकाजी, तुमचं सोपं आहे. २०२० पासून राज्याची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे, त्यात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घर टॅक्समधून सूट आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र घ्या आणि अर्ज झोनला द्या.