पहिल्यांदाच सेक्स टॉय घ्यायचं आहे, बाईने कुठून सुरुवात करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 29, लग्नाला तीन वर्षं, घरात सासूसासरे. नवऱ्याशी पटतं, पण ऑरगॅझम म्हणतात तो कधी आला की नाही हेच कळत नाही. ऑनलाइन व्हायब्रेटर बघते, कार्टमध्ये टाकते आणि पुन्हा काढते. कोणता घ्यावा, कायद्याने चालतं का, सवय लागते का आणि नवऱ्याला कसं सांगू?

तू 29 ची, मी 47 ची. अहो-जाहो करत बसले तर उत्तर सरकारी परिपत्रकासारखं होईल, म्हणून अगं-तुगंच करते.

माझं पहिलं टॉय मी अडतिसाव्या वर्षी घेतलं आणि पैसे पाण्यात गेले. साइटवर जे सगळ्यात मोठं, सगळ्यात गुलाबी आणि बारा वेगांचं दिसलं ते उचललं, आठशेच्या आत. खोकं उघडलं तर नव्या रेनकोटचा वास. हाताला जेलीसारखं बुळबुळीत. चालू केलं तर मिक्सरमध्ये दाण्याचं कूट करावं तसा आवाज, आणि पलीकडच्या खोलीत लेक दहावीचा अभ्यास करतेय. टॉवेलात गुंडाळून बंद केलं ते पुन्हा उघडलंच नाही. पुढे आठवडाभर एकच विवंचना, हे ओल्या कचऱ्यात जातं, सुक्यात की ई-कचऱ्यात?

स्वस्त घेतलं ही चूक होतीच, पण मोठी चूक वेगळी होती. साइटवरच्या चित्रांनी जे सांगितलं ते मी मुकाट ऐकलं. चित्रं सगळी आत घालायच्या वस्तूंची, आणि माझ्या शरीराचं म्हणणं काही वेगळंच होतं. तुझंही तसंच असण्याची शक्यता बरीच आहे. अमेरिकेतल्या हजारभर बायकांची एक पाहणी 2017 साली ऑनलाइन प्रसिद्ध झाली. नुसत्या संभोगाने ऑरगॅझम येतो असं त्यात जेमतेम 18 टक्के बायकांनी सांगितलं. साधारण 37 टक्के म्हणाल्या की बाहेरचा स्पर्श नसेल तर येतच नाही, आणि आणखी 36 टक्के म्हणाल्या की बाहेरच्या स्पर्शाने अनुभव जास्त चांगला होतो. त्यामुळे 'माझ्यात काही कमी आहे का' हा तुझ्या प्रश्नात न लिहिलेला पण ओळींच्या मधे दिसणारा प्रश्न असेल, तर तो आधी खोडून टाक.

बाहेरचा स्पर्श म्हणजे क्लिटोरिस. मराठी पुस्तकांत तिला शिश्निका म्हणतात, म्हणजे नावसुद्धा पुरुषाच्या अवयवावरून उसनं घेतलेलं. वरून दिसतो तो वाटाण्याएवढा दाणा, पण तो नुसता शेंडा आहे. आत तिचे दोन पाय योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन महिला शल्यविशारदाने 1998 साली शवविच्छेदनाच्या आधारे हे नीट मांडलं. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. 2022 साली अमेरिकेत क्लिटोरिसच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य नसांतल्या तंतूंचा हिशोब मांडला, तेव्हा आकडा दहा हजारांच्या वर गेला. योनीच्या आतल्या भागात संवेदना त्या मानाने पुष्कळच कमी.

म्हणून पहिलं टॉय बाहेरून वापरायचं घे. लहानसं, बोटाएवढं किंवा तळहातात मावेल असं. लिपस्टिकच्या आकाराच्या व्हायब्रेटरला 'बुलेट' म्हणतात. नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखेही मिळतात, ते धरायला सोपे. मोठ्या गोल डोक्याची 'वाँड' मूळची पाठ-मान रगडायची यंत्रं. हिताची कंपनीचं 1968 पासून अमेरिकेत विकलं गेलं ते मसाजर म्हणूनच, त्याचा दुसरा उपयोग बायकांनी शोधून काढला. जोर दांडगा आणि आवाजही, सासूसासऱ्यांच्या घरात नकोच. हवेच्या दाबाने हलकेच ओढणारीही निघाली आहेत. काहींना ती फार आवडतात, मला गुदगुल्या झाल्या. दोन फांद्यांचं (एक आत, एक बाहेर) 'रॅबिट' मात्र पहिल्या खेपेला घेऊ नकोस. त्याची मापं कोणा दुसरीच्या शरीराची असतात.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ते, म्हणजे वस्तू कशाची केलेली आहे. हे कातडीला नाही, आतल्या नाजूक अस्तराला लागणार आहे. मेडिकल ग्रेड सिलिकॉन, कडक एबीएस प्लॅस्टिक, स्टेनलेस स्टील आणि बोरोसिलिकेट काच ही चालतात, कारण त्यांना सूक्ष्म छिद्रं नसतात आणि धुतली की खरोखर स्वच्छ होतात. 'जेली', 'रिअल स्किन', पीव्हीसी, टीपीई असं लिहिलेलं असेल तर सोड. ही सच्छिद्र असतात, कितीही धुतली तरी जंतू आत बसतात, आणि मऊ पीव्हीसीत थॅलेट नावाची, प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं असू शकतात. माझ्या खोक्यातला तो रेनकोटचा वास आठव. वास आला, चिकट लागलं, तर वापरायचंच नाही, कितीला पडलं होतं ते विसरायचं. या वस्तूंसाठी आंतरराष्ट्रीय मानकच 2021 साली आलं, आयएसओ 3533. त्याआधी 'केवळ गंमत म्हणून' असं खोक्यावर छापून उत्पादक जबाबदारी झटकत. बऱ्यापैकी सिलिकॉनचा लहान व्हायब्रेटर दीड-दोन हजारांपासून मिळतो.

आणि स्वयंपाकघरात पर्याय शोधू नकोस. काकडी-गाजरावर फवारणी असते, आत तुकडा मोडू शकतो, आणि कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरला ते समजावून सांगणं व्हायब्रेटरपेक्षा महाग पडतं.

त्याच ऑर्डरमध्ये ल्युब्रिकंटची (बुळबुळीतपणा आणणाऱ्या जेलची) बाटली मागव, पाण्याच्या बेसची. सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉनचं ल्युब लावलं तर पृष्ठभाग खराब होतो. खोबरेल तेल आपल्या घरी हाताशी असतं खरं, पण तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो. वारंवार बुरशीचा त्रास होत असेल तर ग्लिसरीन नसलेलं बघ. सुगंधी, थंडावा देणारं, गरम होणारं असलं काही पहिल्या खेपेला नको. ल्युब लागणं म्हणजे आपण 'कोरड्या' आहोत असं समजू नकोस. कोरडेपणा मनःस्थितीवर, पाळीच्या दिवसांवर, बाळंतपणावर, गोळ्यांवर अवलंबून असतो. मला आता पाळी जायच्या वयात ते रोजच्या क्रीमइतकं सवयीचं झालं आहे.

पहिल्या दिवशी काही 'साध्य' करायचं नाही. दार बंद, पंखा फुल, अर्धा तास कोणी हाक मारणार नाही अशी वेळ. आधी नाकाच्या शेंड्यावर लावून बघ, हसू येईल पण जोराचा अंदाज तिथे बरोबर लागतो. मग सगळ्यात कमी वेगावर, आतल्या कपड्यावरूनच, मांडीपासून हळूहळू. थेट शेंड्यावर टेकवलं तर बऱ्याच जणींना झोंबतं, जरा बाजूला, जरा वर असं सरकवत बघ. दुखलं तर थांब. बधिर वाटलं तर थांबून थोड्या वेळाने. काही नाही झालं तरी बंद करून ठेव आणि दोन दिवसांनी पुन्हा. मला तिसऱ्या-चौथ्या वेळी कळलं, आणि कळलं तेव्हा 'आला की नाही' हा प्रश्नच उरला नाही.

वापराच्या आधी आणि नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबण. डेटॉल-सॅव्हलॉन नको, आग होते. चार्जिंगच्या भोकात पाणी जाऊ देऊ नकोस. आयपीएक्स 7 (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलं असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं. मोटर नसलेलं सिलिकॉन किंवा स्टील पाच मिनिटं उकळलं तरी चालतं (पातेलं वेगळं ठेव, चहाचं नको). पूर्ण कोरडं करून सुती पिशवीत. दुसऱ्या कोणाबरोबर वापरायचं असेल तर त्यावर निरोध चढवायचा आणि माणूस बदलताना निरोधही बदलायचा, कारण लैंगिक आजार टॉयवरूनही जातात. गुदद्वारासाठी वापरायचं असेल तर मागे रुंद बूड असलेलंच हवं. योनी आतल्या टोकाला बंद असते, तिथे वस्तू हरवत नाही. गुदद्वारातून मात्र आत खेचली जाते.

आता कायदा. सेक्स टॉयचं नाव घेऊन बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. अडतं ते अश्लीलतेच्या कलमापाशी. पूर्वी दंड संहितेचं 292 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 294. त्याचा रोख विक्री, जाहीर प्रदर्शन, विकण्यासाठी आयात यांवर आहे. स्वतःच्या कपाटात स्वतःसाठी ठेवलेल्या वस्तूवर नाही. म्हणूनच भारतीय साइटवर सगळं 'पर्सनल मसाजर' असतं. कस्टम्सने असेच बॉडी मसाजर 'हे सेक्स टॉय म्हणून वापरता येतील' म्हणून अडवले होते. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं अपील फेटाळलं. वस्तू कशासाठी वापरता येईल याची अधिकाऱ्याने केलेली कल्पना बंदीला पुरत नाही, असा त्याचा मथितार्थ. तरी परदेशी साइटवरून मागवू नकोस, पार्सल अडकलं तर डोक्याला ताप. आणि दुबईला बहिणीकडे वगैरे जाणार असशील तर बॅगेत मुळीच नेऊ नकोस, तिथे बंदी आहे.

असल्या प्रश्नोत्तरांवर आपल्याकडे खटलाही झालेला आहे. र. धों. कर्वे मुंबईतून 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरं देत. 1934 साली त्या उत्तरांसाठीच त्यांना कोर्टात उभं केलं. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड झाला, मासिक चालू राहिलं.

पार्सल साध्या खोक्यात येतं, पण साइटवर तसं लिहिलेलं आहे का ते बघ आणि पैसे आधी भर. कॅश ऑन डिलिव्हरी केलंस तर दारात सासूबाई विचारतील, 'काय गं, कशाचे दीड हजार?' मला कपाटात सुरक्षित जागा सापडली ती पॅडच्या पाकिटात. प्रवासात बटण लॉक करून ने. माझं एकदा शिवनेरीत लोणावळ्यापाशी पर्समध्ये गुणगुणायला लागलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, फोन घ्या ना. मी पर्समध्ये तोंड घालून 'हॅलो' म्हणाले. मोबाइलच्या ॲपवर चालणारं घेऊ नकोस. ग्राहकांच्या वापराची माहिती परस्पर गोळा केल्यावरून एका कॅनेडियन कंपनीला 2017 साली लाखो डॉलरची तडजोड करावी लागली आहे.

सवय लागते का? लागली तर चहाची लागते तशी. स्कूटरवरून तासभर आल्यावर तळहाताला मुंग्या येतात ना, तसा बधिरपणा थोडा वेळ येऊ शकतो आणि जातो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांनी व्हायब्रेटर वापरलेला होता आणि वापरणाऱ्यांतल्या 71 टक्क्यांना काहीही त्रास झालेला नव्हता. एकाच पद्धतीची सवय मात्र होते, म्हणून मधून मधून हातानेही.

एक गोष्ट टॉयच्या आधी बघ. नैराश्याच्या काही गोळ्यांनी ऑरगॅझम लांबतो किंवा येतच नाही. घेत असशील तर डॉक्टरांना विचार, परस्पर बंद करू नकोस. बोट किंवा टॅम्पॉनसुद्धा आत जाताना आकडल्यासारखं दुखत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. गरोदर असशील किंवा नुकतं बाळंतपण झालं असेल तरीही विचारूनच.

राहिला नवरा. रात्री, पलंगावर, संबंधानंतर लगेच विषय काढू नकोस. त्याला गुणपत्रिका हातात दिल्यासारखं वाटतं. मी रविवारी भाजी निवडताना काढला होता. 'तुझं काही चुकतंय' असं नाही, 'मला काय आवडतं ते मलाच आत्ता कळलंय, तुला दाखवू का' असं. आधी स्वतः दोन-तीन आठवडे वापरून मग सांगितलंस तरी ती काही फसवणूक नाही, तुला आधी तुझंच तुला कळायला हवं. त्याने तोंड पाडलं तर पाडू दे दोन दिवस.

माझ्या नवऱ्याने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, एकदा चालू करून बंद केलं आणि विचारलं, "वॉरंटी किती?" एक वर्ष, म्हटलं. "बिल ठेवलंयस ना?" ठेवलं होतं, फाइलमध्ये, मिक्सरच्या बिलामागे.