पट्ट्याच्या भीतीने खोटं सुटत नाही

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. उठताबसता खोटं बोलतो. डबा संपवला म्हणतो आणि पोळीभाजी दप्तराच्या कप्प्यात सापडते. शाळेच्या डायरीत माझी सही त्यानेच ठोकली. गृहपाठ का नाही, असं बाईंनी विचारलं तर म्हणाला, आजोबा वारले. आजोबा घरात टीव्ही बघत होते! वर्गात रोज मारामाऱ्या. मिस्टर पट्ट्याने मारतात, मग दोन दिवस बरे जातात. सासूबाई म्हणतात, मीच लाडावून ठेवलंय. पोरगा हाताबाहेर गेला का हो?
– एक आई, सातारा

उत्तर : नाही, ताई. पाचवीतल्या मुलाबद्दल मी असं कधीच म्हणणार नाही. पण तो पट्टा आजच बंद करा.

पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या लहान मुलांचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. एका शाळेत मारायचे, दुसरीत नाही. मार खाणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं त्यांनी जास्त सफाईने निभावलं. तुमच्या घरातही तेच चाललंय. ते दोन दिवस बरे जातात, कारण तो घाबरलेला असतो. खरं बोललं तरी मारच मिळणार असेल, तर खोटं बोलून निदान सुटायची आशा असते. हे मिस्टरांना शांतपणे सांगा, मुलाच्या माघारी.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली. कप्प्यातली पोळी बघितल्यावर ‘डबा खाल्लास का?’ असं विचारूच नका. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न म्हणजे सापळा असतो आणि मूल त्यात अडकतंच. सरळ म्हणा, ‘डबा तसाच परत आलाय. काय झालं?’ डायरी उघडून म्हणा, ‘ही सही माझी नाही. बाईंनी काय लिहिलंय ते दोघं मिळून वाचू.’ याचा अर्थ सगळं माफ, असा नाही. दप्तर त्यानेच धुवायचं. आजोबांबद्दल बाईंना खरं काय ते त्यानेच सांगायचं, पण तुम्ही शेजारी उभ्या राहा. सांगून झालं की पाठीवर हात ठेवा, आणि घरी तो विषय पुन्हा काढू नका. चार पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. ‘खोटारडा’ हा शब्दही सासूबाईंसकट सगळ्यांनी सोडायचा.

तुमचं पत्र वाचताना मी सारखी एकाच ठिकाणी अडत होते. डायरी, गृहपाठ, डबा, मारामाऱ्या, सगळं शाळेभोवतीच फिरतंय. तिथे तो काहीतरी लपवतोय, असं मला वाटतं. एखाद्या संध्याकाळी जवळ बसवून पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. जोडाक्षरांशी अडखळतो का? ओळ सुटते का? फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणतो का? वाचन-लेखनाची अडचण किंवा लक्ष न टिकणं हे हुशार मुलांतही असतं आणि ते झाकण्यासाठी मुलं काय वाटेल त्या थापा मारतात. डोळेही तपासून घ्या. मधल्या सुट्टीत तो कुणासोबत बसतो, कुणी त्याला त्रास देतं का, हे बाईंना एकटीने भेटून विचारा. तक्रारीच्या सुरात नको. त्यांनाही या मुलाने दमवलंच असणार.

मारामाऱ्या रोजच्या आहेत, म्हणून थांबून बघू असं मी म्हणणार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतून मोफत बोलता येतं. आधी तिथे बोललात तरी चालेल. डॉक्टरकडे निघताना ‘तुला सुधारायला नेतोय’ असं त्याला सांगू नका. ‘शाळेत तुला काय जड जातंय ते समजून घ्यायला जातोय’ म्हणा. ते खरंही आहे.

सुरुवातीचे काही आठवडे तो खोटं बोलतच राहील, तुम्ही खरंच मारत नाही ना हे बघायला जास्तच बोलेल. तेव्हा मिस्टरांचा धीर सुटेल, त्यांना सांभाळा. बाईंशी बोलणं झालं की मला पुन्हा लिहा.