पीएचपी ॲप्लिकेशनमध्ये गूगल टॅग मॅनेजर बसवल्यावर ऑर्डर दोनदा का नोंदल्या जातात?

निपाणीतील एका व्यापाऱ्यासाठी साध्या पीएचपीत लिहिलेल्या ॲप्लिकेशनमध्ये गूगल टॅग मॅनेजर (मोजणीचे कोड म्हणजे टॅग एका जागेवरून चालवणारे साधन) बसवल्यापासून भेटी दुप्पट दिसतात, काही ऑर्डर दोनदा नोंदल्या जातात आणि कन्नड पानांवरून आलेल्या चौकशीची मात्र नोंदच होत नाही, असे आपण लिहिले आहे. मी बेळगावात उद्यमबागेतील कारखान्यांसाठी असेच काम करतो आणि या तिन्ही अडचणी मी निस्तरल्या आहेत. त्यांची कारणे वेगवेगळी असल्याने तिन्हींसाठी एकच उपाय शोधू नये.

भेटी दुप्पट होण्याचे कारण बहुधा फूटरमध्ये राहून गेलेला ॲनालिटिक्सचा जुना कोड हे असते. तोच टॅग कंटेनरमधूनही (टॅग मॅनेजरमधला आपल्या साइटचा टॅगसंच) चालतो आणि प्रत्येक पान दोनदा मोजले जाते. जुना कोड काढून टाकावा. कंटेनरच्या कोडचे दोन भाग असतात: पहिला हेडमध्ये शक्य तितका वर आणि नोस्क्रिप्टचा भाग बॉडी सुरू होताच लगेच. हे दोन भाग दोन स्वतंत्र फाइलींत ठेवून सगळीकडे इन्क्लूड करावेत. पैसे भरून परत येण्याच्या पानाला पुष्कळदा वेगळेच हेडर असते, ते आधी तपासावे.

ऑर्डर दोनदा नोंदली जाते, कारण आभाराचे पान जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा पीएचपी खरेदीची घटना छापते. ग्राहक पावतीसाठी पान रिफ्रेश करतो, संध्याकाळी तेच पान पुन्हा उघडतो. म्हणून ऑर्डर डेटाबेसमध्ये जमा झाल्यावर तिचा तपशील सेशनमध्ये (सर्व्हरवर त्या ग्राहकापुरत्या राहणाऱ्या तात्पुरत्या माहितीत) ठेवावा, ग्राहकाला रीडायरेक्ट करावे, आणि पुढच्या पानाने तो तपशील उचलून सेशनमधून लगेच पुसावा व मगच छापावा. ॲनालिटिक्स ४ मध्ये एकाच व्यवहार क्रमांकाची खरेदी पुन्हा धरली जात नाही हे खरे, पण कंटेनरमधील इतर टॅगना ते संरक्षण मिळेलच असे नाही. हे पान कॅश होत नाही ना, म्हणजे त्याची साठवलेली प्रत इतरांना दिली जात नाही ना, एवढे मात्र पाहावे; नाहीतर एकाची ऑर्डर दुसऱ्याच्या पानावर छापली जाईल.

हा तपशील डेटालेअरमध्ये, म्हणजे पानाकडून कंटेनरला माहिती देणाऱ्या ॲरेमध्ये (यादीत), कंटेनरच्या कोडच्या आधी ठेवावा आणि त्यानंतर फक्त पुश करावे, म्हणजे त्यात नवी नोंद जोडावी. खाली कुठे कोणी डेटालेअरला पुन्हा रिकामा ॲरे दिला, तर कंटेनर जुन्याच ॲरेला धरून राहतो आणि पुढच्या घटना त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

छापण्याची पद्धत हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. एका कारखान्याच्या ॲप्लिकेशनमध्ये मालाचे नाव अवतरणचिन्हांत हाताने जोडून छापले जात होते. २" व्हॉल्वची ऑर्डर आली की इंचाच्या खुणेपाशीच जावास्क्रिप्टची ओळ तुटायची आणि ती खरेदी गायब व्हायची, ३/४ लिहिलेला माल मात्र सुरळीत नोंदला जायचा. एचटीएमएलसाठीचे स्पेशलचार्स फंक्शन लावले तर नावात इंचाऐवजी क्वॉट असा मजकूर दिसू लागतो. संपूर्ण ॲरे जेसन एन्कोड फंक्शनमधून, हेक्स टॅग आणि हेक्स ॲम्प हे पर्याय देऊन छापणे हाच योग्य मार्ग आहे. देवनागरी वा कन्नड नावे जुन्या टेबलमधून बिघडलेल्या अक्षरसंचात आली, तर हे फंक्शन कोणताही एरर न दाखवता फॉल्स परत करते आणि पानावर काहीच छापले जात नाही. यासाठी पीएचपी ७.२ पासून अवैध अक्षरांच्या जागी पर्यायी चिन्ह घालण्याचा पर्याय उपलब्ध आहे. रक्कमही दाखवण्यासाठी सजवलेली नसावी, म्हणजे स्वल्पविराम घातलेली १,२५०.०० नव्हे तर नुसती संख्या १२५० असावी. ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक व ईमेल डेटालेअरमध्ये कधीही घालू नयेत.

कन्नड पानांचे कारण आपल्या भागातल्या प्रत्येक दुभाषी साइटवर आढळू शकते. ट्रिगर, म्हणजे टॅग केव्हा चालावा हे ठरवणारी अट, बटणावरच्या मराठी शब्दावर बांधलेला असतो: मराठी पानावर ‘पाठवा’ असते, पण कन्नड पानावर ‘कळुहिसि’, म्हणून तिथे तो चालतच नाही. दोन शब्दांसाठी दोन ट्रिगर करण्यापेक्षा, फॉर्म सर्व्हरवर खरोखर स्वीकारला गेल्यावर दोन्ही भाषांत एकाच नावाची घटना पीएचपीनेच पाठवावी आणि ट्रिगर त्या नावावर ठेवावा. भाषा हवी असल्यास तिचा वेगळा रकाना द्यावा. अर्धवट भरलेला फॉर्मही बटण दाबताच चौकशी म्हणून मोजला जातो, तो दोषही यामुळे जातो.

शेवटी टॅग मॅनेजरचा प्रिव्ह्यू (प्रकाशनाआधीची चाचणी) चालू करून कन्नड पानावरून एक चौकशी पाठवावी, चाचणीची एक ऑर्डर देऊन आभाराचे पान तीनदा रिफ्रेश करावे, आणि खरेदी एकदाच दिसली की मग कंटेनरची नवी आवृत्ती प्रकाशित करावी. प्रकाशित करेपर्यंत ग्राहकांना जुनीच आवृत्ती मिळत राहते.