पहिल्या कामकरी मुंग्यांना खाऊ घालताना

घरी पाळलेल्या राणी मुंगीच्या पहिल्या कामकरी मुंग्या कोषातून बाहेर आल्या की मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) द्या, पण अख्खी जिवंत अळी नको. ती आधी मारून २-३ मिलिमीटरचा तुकडा कापा. एवढ्याशा वसाहतीला तेवढा पुरतो. उरलेलं २४ तासांत काढा, नाहीतर बुरशी धरते. बागेतले किडे टाळाच, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

मीलवर्मच्या अळ्या घरीच वाढवा. पसरट डब्यात ३-४ सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, ओलाव्यासाठी गाजराची चकती. पाण्याची वाटी अजिबात ठेवू नका: कोंडा दमट झाला की माइट (कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव) होतात आणि अळ्यांबरोबर थेट मुंग्यांपर्यंत पोचतात. कोष दिसताच वेगळे करा, अळ्या ते कुरतडतात. कोषातून निघालेले भुंगेरे दर २ आठवड्यांनी नव्या कोंड्यात हलवा; तिथेच राहिले तर स्वतःचीच अंडी खातात.